माइकच्या दोन केबल आणि १ क्रमांकाची पिन

तालमीचे ध्वनिमुद्रण घरी आणून मोठ्या स्पीकरवर लावले, तेव्हा त्यात दोन वेगळे दोष आहेत हे कळायला मला बराच वेळ लागला, कारण पहिल्या दोषाने दुसऱ्याला झाकून टाकले होते. डाव्या बाजूने खर्जातली घरघर सतत येत होती, ती कोणालाही ऐकू आली असती. पण तिच्याकडे दुर्लक्ष करून पुन्हा ऐकल्यावर जाणवले की गायिका मध्यभागी नाहीच. तिचा आवाज दोन्ही कडांना पसरलेला, मधोमध पोकळी, आणि साथीच्या वाद्यांचा खर्ज तर कुठे गेला ते समजेना. दोन्ही बाजू एकत्र करून मोनोत ऐकले, तर सगळे जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखे पातळ झाले. माइक आणि प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) दोन्ही मी पूर्वी वापरलेले होते आणि त्यांनी कधी त्रास दिला नव्हता. नव्या होत्या त्या फक्त मी स्वतः सोल्डर केलेल्या दोन केबल.

केबल घरी बनवण्यामागे मोठे कारण नव्हते. हाताशी असलेल्या तयार केबल एक तर तोकड्या पडत, नाहीतर उरलेले वेटोळे स्टँडच्या पायाशी पडून राही. शिवाय स्टिरिओसाठी दोन्ही केबल एकाच जातीच्या आणि अगदी एकाच लांबीच्या असाव्यात, असा माझा समज होता. लांबीविषयीचा समज निराधार होता, हे नंतर हिशेब केल्यावर कळले. केबलमधून संकेत साधारण प्रकाशाच्या दोन-तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे २० मीटर पार करायला त्याला सेकंदाचा कोटीवा भाग पुरतो, आणि तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. एक केबल ५ मीटरची आणि दुसरी २० मीटरची असली तरी डावे-उजवे चित्र हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात जाऊन मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. माइकांची अदलाबदल केली, तरी घरघर डावीकडेच राहिली. मग प्रीअँपच्या मागे केबलांची अदलाबदल केली, तेव्हा ती उजवीकडे गेली. केबल दोषी ठरली असे मानून मी ती तपासायला उचलली, आणि घरघर थांबली. खाली ठेवली की पुन्हा सुरू. उंच स्टँडवरच्या माइकपासून ३ मीटरची एक छोटी केबल खाली येत होती आणि स्टँडच्या पायाशी ती माझ्या २० मीटरच्या केबलला जोडलेली होती. डाव्या बाजूचा हा जोड रंगमंचाच्या लोखंडी चौकटीवर टेकलेला होता, तर उजव्या बाजूचा लाकडी फळीवर होता. दोन्ही केबलांचे वायरिंग या बाबतीत सारखेच चुकलेले होते. फरक एवढाच की एकीची चूक लोखंडाला लागली आणि दुसरीची लाकडामुळे झाकली गेली.

ती चूक कशी झाली, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. केबल पहिल्यांदा बनवताना मी कोणाकडून तरी ऐकलेला एक सल्ला तंतोतंत पाळला होता: अर्थचे वेटोळे (दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून पूर्ण होणारे वर्तुळ) टाळायचे असेल तर शील्ड, म्हणजे तारांभोवतीची तांब्याची जाळी, एकाच टोकाला जोडावी. म्हणून माइकच्या टोकाला शील्डची जाळी कापून, वर टेप लावून मोकळी सोडली. परिणाम असा की कंडेन्सर माइक मुळी बोललेच नाहीत. माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरातल्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमधून, प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रोधातून, एकाच वेळी आणि सारखीच पाठवली जाते. दोन्ही तारांवर समान विद्युतदाब असल्यामुळे ध्वनिसंकेताला ती दिसत नाही, आणि हा प्रवाह परत येतो तो १ क्रमांकाच्या पिनेतून, म्हणजेच शील्डमधून. परतीची वाटच कापल्यावर माइकला वीज मिळणार कुठून? (४८ व्होल्ट हा आकडाही गमतीने ठरला. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीला ट्रान्झिस्टरचे माइक दाखवले, तेव्हा तिथल्या स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच माइकसाठी वापरली गेली.) शील्ड एका टोकाला सोडण्याची युक्ती दोन यंत्रांमधल्या लाइन पातळीच्या (माइकपेक्षा कितीतरी जोरदार संकेताच्या) जोडणीत कधीकधी उपयोगी पडते. माइकच्या केबलला ती लागू नाही, हे सल्ला देणाऱ्याने सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

माइक मुके राहिल्यावर मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेले. शील्ड दोन्ही टोकांना १ क्रमांकाच्या पिनेला जोडली, ते योग्यच झाले; पण कनेक्टरच्या धातूच्या बॉडीसाठी आत जी एक चौथी पट्टी असते, तिलाही एक छोटी तार टाकून तीच शील्ड जोडली. ‘जितके अर्थिंग जास्त तितके चांगले’ असा तो भाबडा हिशेब होता. घरी टेबलावर सगळे व्यवस्थित चालले, कारण तिथे कनेक्टर कशालाच टेकत नव्हता. रंगमंचाची चौकट मात्र दिव्यांच्या निमित्ताने इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली होती, आणि प्रीअँप आपल्या विजेच्या वायरमधून वेगळ्या ठिकाणी त्याच अर्थिंगला जोडलेला होता. या दोन ठिकाणांच्या दाबात अगदी थोडा फरक असला तरी पुरतो. चौकट, कनेक्टरची बॉडी, १ क्रमांकाची पिन, शील्ड आणि प्रीअँप असे वर्तुळ पूर्ण झाले, आणि माझ्या शील्डमधून इमारतीच्या विजेचा प्रवाह वाहू लागला.

शील्डमधून प्रवाह वाहिला म्हणून घरघर ऐकू यायलाच हवी, असे मात्र नाही. ती ऐकू येते की नाही, हे प्रीअँपच्या आत १ क्रमांकाची पिन कुठे जाते यावर ठरते. ती आत शिरताच थेट यंत्राच्या धातूच्या पेटीला जोडलेली असेल, तर शील्डवरचा प्रवाह पेटीवरून परस्पर निघून जातो. पण ती आधी सर्किट बोर्डावरच्या संकेताच्या अर्थला जोडलेली असेल, तर तो प्रवाह सर्किटच्या नाजूक पट्ट्यांतून वाहतो आणि तिथे निर्माण झालेला दाब संकेतात मिसळतो. ध्वनी अभियंते नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या दोषाची सविस्तर मांडणी केली, तेव्हापासून तो ‘पिन वनचा प्रॉब्लेम’ म्हणून ओळखला जातो; पिन थेट पेटीला जोडावी, असे त्याच संस्थेचे २००५ चे एईएस ४८ हे मानक सांगते. माझ्या जुन्या प्रीअँपचे झाकण काढून पाहिले, तर पिनेपासून निघालेली तांब्याची पट्टी अर्धा बोर्ड ओलांडून मग पेटीकडे वळत होती. तो प्रीअँप बदलणे शक्य नव्हते. शील्डमध्ये नको तो प्रवाह शिरू न देणे एवढेच माझ्या हातात होते, आणि त्यासाठी बॉडीची ती छोटी तार काढून टाकणे पुरेसे होते.

इतक्या थोड्या प्रवाहाने एवढा गोंधळ का व्हावा, हा प्रश्न मला पडला होता. माझ्या माइकची संवेदनशीलता १० मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, म्हणजे ९४ डेसिबलच्या बऱ्यापैकी मोठ्या आवाजाला तो १० मिलिव्होल्ट देतो. गाणे संपल्यानंतरचा ४४ डेसिबलचा विराम त्याच माइकमधून जेमतेम ३० मायक्रोव्होल्ट काढतो. हा संकेत २० मीटर प्रवास करून आल्यावर प्रीअँप त्याला ५० डेसिबलने, म्हणजे तीनशेहून अधिक पट वाढवतो, आणि वाटेत मिसळलेले सगळे तितकेच वाढते. यावरचा उपाय म्हणजे पिळाची जोडी. दोन तारा एकमेकींभोवती वळवल्या की बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा दोघींवर जवळजवळ सारखाच परिणाम होतो आणि प्रीअँप त्यांच्यातला फक्त फरक मोजत असल्यामुळे सारखे असलेले वजा होते. तारा पिळण्याची ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनच्या तारांसाठीच्या १८८१ च्या पेटंटइतकी जुनी आहे. मला पूर्वी असे वाटे की दोन तारांवर समान आणि उलटे संकेत असल्यामुळेच हे शक्य होते; पण कित्येक माइक एकाच तारेवर संकेत देतात आणि दुसरीला फक्त तेवढाच रोध लावून ठेवतात, आणि तरीही त्यांची केबल तितकीच शांत असते. महत्त्व आहे ते दोन्ही तारांचा अर्थच्या संदर्भातला रोध सारखा असण्याला.

शील्डचे काम याहून वेगळे आहे. ती विद्युतक्षेत्राला आणि रेडिओच्या लहरींना अडवते. विजेच्या वायरींभोवतीच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तांब्याची जाळी जवळजवळ अडवतच नाही. ते काम पिळाचे. मी शील्ड आणखी ‘पक्की’ करून घरघर घालवू पाहत होते, म्हणजे चुकीच्या गड्याला राबवत होते.

दुसरा दोष, मधली पोकळी, याहून साधा आणि म्हणून अधिक लाजिरवाणा होता. मी घेतलेली केबल स्टारक्वाड जातीची, म्हणजे चार तारांची होती: दोन निळ्या, दोन पांढऱ्या. समोरासमोरच्या एका रंगाच्या दोन तारा एकत्र करून एक वाहक मानायचा असतो. त्यामुळे चुंबकीय क्षेत्राचे वजा होणे साध्या जोडीपेक्षा कितीतरी काटेकोर होते. तारांमधली धारिता (कपॅसिटन्स) त्यामुळे वाढते, पण १५० ओहमच्या माइकला आणि २० मीटरला त्याचा ऐकू येण्याजोगा परिणाम नाही. तीन हजार पिकोफॅरड धरले तरी संकेताचा उतार साडेतीन लाख हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाच्या कक्षेच्या फार पलीकडे, सुरू होतो. उजव्या केबलच्या एका टोकाला मी निळा २ वर आणि पांढरा ३ वर लावला होता. दुसऱ्या टोकाचे काम रात्री उशिरा केले आणि तिथे नेमके उलटे झाले. एकट्या केबलवर हे कधीच कळले नसते, कारण उलट ध्रुवतेचा, म्हणजे धन-ऋण अदलाबदल झालेला, आवाज एकट्याने ऐकताना कानाला वेगळा वाटत नाही. स्टिरिओत मात्र माझे दोन माइक ओआरटीएफ पद्धतीने, म्हणजे १७ सेंटिमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात होते. खर्जाच्या लहरी मीटरांत मोजाव्या लागतात. १७ सेंटिमीटर त्यांच्यापुढे काहीच नाही, म्हणून दोन्ही माइकवर खर्ज जवळजवळ एकाच वेळी येतो, आणि एक बाजू उलटी असेल तर एकत्र केल्यावर तोच आधी नाहीसा होतो. टेलिफोनसारखा पातळपणा आला तो यातून. २ क्रमांकाची पिन धन, हा प्रघात एईएस १४ या १९९२ च्या मानकाने पक्का केला. त्याआधीच्या काही यंत्रांत ३ क्रमांक धन असे, पण माझ्या चुकीला तेवढा इतिहास नव्हता.

मग चारही कनेक्टर कापून मी नव्याने सुरुवात केली. या वेळी आधी कागदावर लिहून टेबलावर चिकटवले: जाळी १, निळा २, पांढरा ३, बॉडी रिकामी. एक्सएलआरच्या नर आणि मादी कनेक्टरांची रचना एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते. ३ क्रमांकाची पिन मधल्या अक्षावर राहते, पण मागच्या बाजूने पाहताना १ आणि २ च्या जागा बदलतात, म्हणून आठवणीवर विसंबण्यापेक्षा प्लास्टिकवर कोरलेले बारीक आकडे प्रत्येक वेळी वाचायचे असे ठरवले. भिंग लागले, पण वाचले.

सोल्डर करण्याआधी कनेक्टरचे मागचे टोपण केबलमध्ये ओवायचे असते. ते मी पहिल्याच टोकाला विसरले, आणि तिन्ही पिना सुंदर झाल्यानंतर टेबलावर पडलेले टोपण पाहून सगळे पुन्हा सोडवावे लागले. बाहेरचे आवरण सुमारे अडीच सेंटिमीटर सोलले. पाते आत जाऊन जाळीचे धागे कापू नयेत म्हणून आवरणावर फक्त रेघ पाडायची आणि मग वाकवून तोडायचे, ही युक्ती फार उपयोगी ठरली. जाळी टोकदार काडीने उकलून एका बाजूला पिळली आणि तिच्यावर हीटश्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी) नळी चढवली, कारण तिचा एक सुटा धागा २ क्रमांकाच्या पिनेला टेकला तरी त्या बाजूचे फँटम अर्थला जाते. रंगाच्या दोन-दोन तारा एकत्र पिळून त्यांना आधी सोल्डरचा पातळ थर दिला, पिनेच्या मागच्या वाटीतही थोडे सोल्डर भरून ठेवले, आणि मग दोन्ही एकमेकांना लावून सेकंदा-दोन सेकंदांत जोड पक्का केला. आयर्न ३५० अंश सेल्सिअसवर ठेवले होते. ६३-३७ प्रमाणाचे सोल्डर १८३ अंशांनाच वितळते, पण वाटीतले पितळ उष्णता ओढून घेते, म्हणून वरची सूट लागते. कनेक्टरचे प्लास्टिक तापून पिना तिरक्या होऊ नयेत यासाठी समोरून जुन्या निकामी केबलचा जोडीदार कनेक्टर अडकवून ठेवला. पहिल्या फेरीत मी आयर्न दहा-दहा सेकंद दाबून धरत होते, आणि त्या कापलेल्या कनेक्टरांतल्या पिना खरोखरच डुगडुगत होत्या. थंड होताना जोड हलला की तो चकचकीत न राहता राखाडी, खडबडीत होतो. असे दोन जोड मी पुन्हा केले. शेवटी आतली पकड केबलच्या बाहेरच्या आवरणावर घट्ट बसते की नाही ते ओढून पाहिले, कारण ताण आवरणाने घ्यायचा असतो, सोल्डरने नव्हे.

तपासणीला मी सोल्डरिंगपेक्षा जास्त वेळ दिला. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट अखंड असली की बीप देणाऱ्या स्थितीवर) लावून १ ते १, २ ते २ आणि ३ ते ३ बीप ऐकला. मग बीप येऊ नये अशा सगळ्या जोड्या तपासल्या, आणि त्यांत प्रत्येक पिन विरुद्ध बॉडी हीही होती. हे करताना कनेक्टरजवळची केबल वाकवत राहायची, कारण तुटकी तार सरळ असताना खोटे बोलते. त्यानंतर केबल प्रीअँपला लावून, माइक न जोडता, फँटम मोजले. १ आणि २ मध्ये ४७.६ व्होल्ट, १ आणि ३ मध्येही ४७.६. मानकात ४४ ते ५२ व्होल्टपर्यंत मुभा आहे, पण दोन आकडे एकमेकांशी जुळणे अधिक महत्त्वाचे. ते जुळत नसते, तर एखादा जोड कच्चा आहे किंवा प्रीअँपमधला रोध बिघडला आहे, असा अर्थ झाला असता. ध्रुवतेसाठी दोन्ही माइक एकमेकांना चिकटवून समोर बोलले आणि दोन्ही वाहिन्या मोनोत मिसळल्या. एकट्या वाहिनीपेक्षा पातळी ६ डेसिबलने वाढली. एका वाहिनीची ध्रुवता बटनाने उलटी केली, तेव्हा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. जुनी उजवी केबल मी मुद्दाम न कापता ठेवली असती, तर हाच प्रयोग उलट्या निकालाने दाखवता आला असता, याची थोडी चुटपुट लागली.

एक सापळा केबलच्या बाहेरचाही होता. राखीव ध्वनिमुद्रणासाठी एका मित्राने खिशात मावणारा रेकॉर्डर आणला आणि त्याच्या साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ इनपुटमध्ये एक्सएलआरचा एकच माइक तयार ॲडॉप्टरने लावला. हेडफोनमध्ये आवाज विचित्र रुंद येत होता. त्या ॲडॉप्टरमध्ये २ क्रमांक टोकाला, ३ क्रमांक मधल्या कड्याला आणि १ क्रमांक बुडख्याला जोडलेला होता, म्हणजे संतुलित जोडीच्या दोन उलट्या तारा डावी आणि उजवी बाजू म्हणून नोंदल्या जात होत्या. मोनो केले की माइक पुसला जाई. दोन माइकांसाठी वेगळी केबल बनवून मी एकीची २ क्रमांकाची तार टोकाला, दुसरीची कड्याला, आणि दोघींच्या १ व ३ एकत्र बुडख्याला जोडल्या. माइक डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणारे) होते म्हणून हे चालले; फँटमवर चालणाऱ्या माइकसाठी हा मार्ग नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी डाव्या केबलचा जोड मुद्दाम त्याच लोखंडी चौकटीवर टेकवला आणि हेडफोन लावून प्रीअँपची वाढ नेहमीपेक्षा २० डेसिबलने वर नेली. घरघर नव्हती. ध्वनियंत्रणेच्या एका मदतनीसाने, घरघर आलीच तर प्रीअँपच्या विजेच्या प्लगची अर्थची पिन टेपने झाकू, असे सुचवले होते. त्यावर मी जरा जास्तच कडक बोलले, पण ती पिन ध्वनीसाठी नसून जिवासाठी असते, आणि यंत्रात दोष आला तर मायक्रोफोन हातात धरलेल्या माणसातून प्रवाह जातो. रंगमंचावरचे दिवे अर्ध्यावर आणल्यावर एक बारीक, किरकिरा आवाज मात्र आला. माझी उजवी केबल दिव्यांच्या वायरीला खेटून चार मीटर समांतर गेली होती. ती अर्धा मीटर बाजूला सरकवली आणि जिथे ओलांडावीच लागत होती तिथे काटकोनात ओलांडली, तेव्हा तो आवाज माइकच्या स्वतःच्या सळसळीखाली गेला. गायिकेने पहिला स्वर लावला, तेव्हा हेडफोनमध्ये ती दोन्ही कानांच्या बरोबर मधोमध उभी होती.